समासातली पेन्सिल

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे, त्यांतल्या एका माणसाचं नाव मला कधीच कळलं नाही. त्याचं अक्षर मात्र मी कुठंही ओळखेन. डावीकडे कललेलं, बारीक, पेन्सिलीनं लिहिलेलं. जुन्या मासिकांच्या एका बांधीव खंडाच्या समासात ते मला भेटलं तेव्हा मी नववीत होते. पुढं मी भौतिकशास्त्र शिकले आणि आयुष्यभर शाळेत तेच शिकवलं. या वाटेवर कुणी आणून सोडलं, असं विचारलं की मी आई-वडिलांचं नाव घेते, गुरुजनांचं घेते. आणि मनात ते अक्षर येतं. त्याच्याबद्दल आणि तो खंड माझ्या हाती देणाऱ्या वाचनालयवाल्या काकांबद्दल आजवर कधी लिहिलं नव्हतं.

नाशिकला पुस्तकांचा तोटा कधीच नव्हता. टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. आमच्या वडिलांचं तिथं खातं होतं. ते चरित्रं आणायचे, ऐतिहासिक कादंबऱ्या आणायचे, आणि घरात त्याच क्रमानं त्या वाचल्या जायच्या. पण आम्हा मुलांची खरी भूक भागायची ती जुन्या नाशकातल्या बोळांमधल्या छोट्या खासगी वाचनालयांत. काकांचं वाचनालय त्यांतलंच एक: एका खोलीचं दुकान, तीन भिंतींना कडप्प्याच्या फळ्या, दारात आडवं टेबल, त्यावर लांबट नोंदवही आणि रबरी शिक्का. थोडी अनामत, महिन्याची वर्गणी, आणि दिवाळीत अंकांची वेगळी योजना. बाबुराव अर्नाळकरांच्या आणि गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा एका बाजूला, सामाजिक कादंबऱ्या दुसऱ्या बाजूला, आणि नारायण धारप मधोमध, हात पोचेल अशा उंचीवर. धारपांची पुस्तकं फळीवर फार वेळ टिकायची नाहीत, म्हणून काकांनी ती स्वतःच्या नजरेसमोर ठेवली होती.

"काका, धारपांचं नवीन आलं का?"

"आलं आणि गेलंसुद्धा. शनिवारी ये."

हे आमचं ठरलेलं बोलणं. अशाच एका दिवशी मी रिकाम्या हातानं परत निघाले, तेव्हा काकांनी टेबलाखालून एक जाड खंड काढला. पुठ्ठ्याची बांधणी, निळ्या कापडाची पाठ, नाव नाही, क्रमांक नाही. खालच्या कडेनं सगळ्या पानांवर मातकट रेघ चढलेली. पंचवटीतला एक वाडा रिकामा होताना रद्दीबरोबर तो बाहेर आला होता आणि रद्दीवाल्यानं वजनाच्या भावानं काकांना दिला होता. ती रेघ १९६९ च्या महापुराची असणार, असं काका म्हणाले. त्या सप्टेंबरात गोदावरीचं पाणी जुन्या गावात शिरलं, तेव्हा कितीतरी घरांतली कागदपत्रं आणि पुस्तकं गेली. हा खंड बहुधा वरच्या फळीवर होता म्हणून ओला झाला तरी वाचला.

"हा माझ्या नोंदवहीत नाही," काका म्हणाले. "ने. आणि घाईनं आणू नकोस."

आत होत्या 'नवल' मासिकातल्या कथा. संपूर्ण अंक नव्हतेच. कुणीतरी अनेक अंकांमधून निवडून कथा काढल्या होत्या, त्या एकावर एक रचल्या होत्या आणि बाइंडरकडून शिवून घेतल्या होत्या. पहिल्या कोऱ्या पानावर शाईनं लिहिलेली अनुक्रमणिका होती. तिचे तीन भाग पाडले होते: भूत, यंत्र, आकाश. भुताच्या भागात पडक्या वाड्यांच्या, शापांच्या, मेलेल्या माणसांच्या परत येण्याच्या कथा. यंत्राच्या भागात विचित्र शोध लावणारे शास्त्रज्ञ. आकाशाच्या भागात चंद्र, मंगळ आणि परग्रहावरचे पाहुणे. प्रत्येक कथेपुढं पान, आणि काही कथांपुढं पेन्सिलीची फुली. फुलीचा अर्थ मला नंतर कळला. ती कथा त्या वाचकानं पुन्हा वाचली होती.

'नवल'ची गोष्ट आजच्या वाचकाला सांगायला हवी. अनंत अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' काढला, आणि पुढं त्याच्या जोडीला 'मोहिनी' आणि 'नवल'. एकाच संपादकाची ही तीन मासिकं, पण तिघांचे स्वभाव वेगळे. 'हंस' वाङ्मयाचा, 'मोहिनी' विनोदाची, आणि 'नवल' अद्भुताचं. भुताखेतांच्या कथा, गूढकथा, शिकार आणि साहस, विज्ञानातलं आश्चर्य, परदेशी कथांची रूपांतरं, असं सगळं 'नवल'मध्ये यायचं. भयकथेला स्वतंत्र घर देणं हे त्या काळात सोपं नव्हतं. मराठी समीक्षेचं लक्ष नवकथेवर होतं. भुताची गोष्ट म्हणजे प्रवासात वाचून टाकून द्यायची वस्तू, असाच समज होता. अंतरकरांनी मात्र या गोष्टींना 'हंस'च्या कथेइतकंच संपादन दिलं. १९६६ साली ते गेले. त्यानंतर त्यांचे चिरंजीव आनंद अंतरकर यांनी तिन्ही मासिकांची धुरा उचलली. रत्नाकर मतकरींची गूढकथा घराघरांत पोचली त्यामागं अंतरकरांच्या मासिकांचा मोठा वाटा आहे. द. पां. खांबेटे, नारायण धारप अशा लेखकांचा जो वाचक तयार झाला, तोही असल्याच मासिकांच्या आणि शंकरराव कुलकर्णींच्या 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांच्या जोरावर.

हे सगळं मला फार नंतर समजलं. नववीत मला दिसली ती पेन्सिल.

एका कथेत शास्त्रज्ञ औषध पितो आणि अदृश्य होतो. गावभर हिंडतो, चोऱ्या करतो, शत्रूंचा सूड घेतो. एच. जी. वेल्सची 'द इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी १८९७ ची, आणि तिची पोरंबाळं जगातल्या बहुतेक भाषांत जन्माला आली. ही त्यांतलीच एक. मी श्वास रोखून वाचत होते, आणि पानाच्या कडेला ते कललेलं अक्षर आलं: "डोळेही पारदर्शक झाले असतील, तर याला दिसतं कसं?"

मी वाचायची थांबले. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात डोळ्याची आकृती होती. भिंग, पडदा, उलटी प्रतिमा. परीक्षेला ती मी न चुकता काढायचे. पण पडद्यावर प्रतिमा उमटायची तर प्रकाश त्या पडद्यानं अडवायला हवा, शोषून घ्यायला हवा, हे माझ्या डोक्यात त्या क्षणापर्यंत आलंच नव्हतं. प्रकाश आरपार निघून गेला तर पाहण्याची क्रियाच घडणार नाही. म्हणजे खऱ्या अर्थानं अदृश्य झालेला माणूस ठार आंधळा असेल. गावभर हिंडणं दूर, त्याला खोलीचं दारसुद्धा सापडणार नाही. भयकथेच्या पानावर मला पहिल्यांदा भौतिकशास्त्र भेटलं, ते असं.

मग मी कथांबरोबर समासही वाचू लागले. चंद्रावरच्या कथेत स्फोटाचा आवाज येतो, तिथं लिहिलेलं: "हवा नाही, मग आवाज कशातून आला?" मंगळावरच्या माणसांशी नायक मराठीत बोलतो, तिथं: "त्यांची भाषा कोण शिकला, केव्हा?" भुताच्या एका कथेखाली फक्त एवढंच: "ही वाचून रात्री जिना उतरवला नाही. उत्तम." दुसऱ्या एका कथेखाली: "मूळ जेकब्ज, माकडाचा पंजा. मूळ जास्त चांगली, कारण दार उघडतं तेव्हा बाहेर कुणीच नसतं." डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ती इंग्रजी कथा १९०२ ची. कॉलेजात गेल्यावर ती शोधून वाचली, आणि त्या एका ओळीत भयकथेचं केवढं शास्त्र सांगितलं होतं ते उमगलं. दाराबाहेर काय उभं आहे हे लेखकानं दाखवलं की भीती संपते. दारावरची थाप ऐकवून तो थांबला, की ती वाचकाच्या घरी राहायला येते.

त्या अनामिक वाचकाचा मला सर्वांत भावलेला गुण असा, की त्यानं कुठंही कथेची टर उडवली नव्हती. शंका काढणारा माणूस आणि घाबरणारा माणूस एकच होता. जिना उतरवला नाही असं लिहिणाऱ्या त्याच हातानं हवेचा प्रश्न विचारला होता. आवडीच्या गोष्टीला प्रश्न विचारायचे, आणि प्रश्न विचारूनही ती आवडू द्यायची, ही वृत्ती मला कुठल्याही पाठ्यपुस्तकानं शिकवली नाही. पुढं वर्गात एखाद्या मुलानं चित्रपटातल्या अवकाशयानाबद्दल उत्साहानं सांगायला सुरुवात केली, की मी त्याला कधी गप्प केलं नाही. ते सगळं सांगून होऊ द्यायचं आणि मग एकच प्रश्न विचारायचा. ही माझी पद्धत म्हणून शाळेत ओळखली गेली. ती माझी नव्हती.

बाहेरच्या जगात अशा वाचकांची केवढी मोठी परंपरा आहे, हे वाचलं तेव्हा मला त्या खंडाकडं नव्यानं पाहता आलं. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं. निव्वळ विज्ञानकथेला वाहिलेलं ते पहिलं इंग्रजी मासिक. त्यात वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यांसह छापली जायची. पत्ते पाहून वाचक एकमेकांना पत्रं लिहू लागले, मंडळं निघाली, आणि १९३० साली 'द कॉमेट' हे वाचकांनीच वाचकांसाठी काढलेलं पत्र निघालं. तिथून चाहत्यांच्या मासिकांची रांगच लागली. रे ब्रॅडबरी वयाच्या विशीतही नव्हते तेव्हा त्यांनी १९३९ मध्ये असंच एक मासिक काढलं. त्यासाठी पैशाची मदत केली फॉरेस्ट अ‍ॅकरमन या दुसऱ्या चाहत्यानं. त्याच वर्षी न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथं जायच्या प्रवासखर्चालाही अ‍ॅकरमनच धावून आले. याच अ‍ॅकरमन यांनी १९५८ पासून भयपटांच्या चाहत्यांसाठी 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' संपादित केलं, आणि ते वाचून मोठी झालेली मुलं पुढं स्वतः लेखक आणि दिग्दर्शक झाली. एका चाहत्यानं दुसऱ्याचा हात धरायचा, एवढ्यावर हे सगळं उभं राहिलं.

आमच्याकडे अशी मंडळं फारशी निघाली नाहीत. पण चाहते होते. त्यांनी मासिकं छापली नाहीत, बांधली. अंक विकत घ्यायचा, आवडीची कथा जपून काढायची, बाइंडरकडं खळ आणि पुठ्ठ्याचे पैसे मोजायचे, स्वतःच्या अक्षरात अनुक्रमणिका लिहायची आणि समासात मत नोंदवायचं. माझ्या हाती आला तो खंड म्हणजे एकाच प्रतीचं मासिक होतं. त्याला संपादक होता, त्याची निवड होती, त्यात विभाग होते, परीक्षणं होती. एकच वाचक कमी होता, ती जागा काकांनी मला दिली.

मी त्या वयात होते तेव्हा मराठी विज्ञानकथेला नुकतेच चांगले दिवस येऊ लागले होते. या कथेची मुळं जुनी आहेत. ज्यूल व्हर्नची चंद्रसफर १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ'मधून मराठीत आली होती, आणि भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांचा सोबती करून टाकलं होतं. पण प्रतिष्ठा आली ती १९७४ नंतर. त्या वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ही आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर निघतात. नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं टोपणनाव घेतलं होतं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' आलं. काकांनी ते मागवलं, शिक्का मारला, आणि नोंदवहीत पहिलं नाव माझं लिहिलं.

"तुझ्या पेन्सिलवाल्याला हे आवडलं असतं," ते म्हणाले. म्हणजे तो खंड माझ्या हाती देण्याआधी काकांनी पानन् पान वाचला होता.

काका स्वतः फार शिकलेले नव्हते. दुकान सांभाळून जे वाचता आलं तेवढंच त्यांचं शिक्षण. पण कुणाच्या हातात काय द्यायचं याची त्यांची जाण विलक्षण होती. मुलगी आहे म्हणून त्यांनी मला भयकथेपासून कधी अडवलं नाही. माझ्या आईनं एकदा दुकानात येऊन विचारलं, "हिला हे असलं का देता हो?" काकांनी शांतपणे सांगितलं, "वहिनी, ती भूत वाचत नाही. भूत कसं खोटं ते वाचते." आई काही बोलली नाही, पण त्यानंतर तिनं मला कधी टोकलंही नाही. माझ्या बाजूनं कुणीतरी मोठं माणूस माझ्या घरच्यांशी बोललं, ही त्या वयात केवढी मोठी गोष्ट असते, हे ज्यांच्या वाट्याला ती आली त्यांनाच कळेल.

टीव्ही आला, केबल आली, आणि बोळांमधली वाचनालयं एकेक करून बंद झाली. काकांनी दुकान आवरलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. बरीचशी पुस्तकं त्यांनी खेड्यांतल्या शाळांना वाटली. तो खंड मात्र त्यांनी माझ्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. "आता तरी नोंदवहीत घालू या," असं म्हणून त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर पहिल्यांदाच त्याची नोंद केली. पुस्तकाच्या नावाच्या जागी लिहिलं 'नवल', आणि परतीच्या तारखेचा रकाना मोकळा सोडला.

डिसेंबर २०२१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं ९४ वं अधिवेशन नाशकात भरलं आणि अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळं ते स्वतः येऊ शकले नाहीत. पण आडगावच्या मांडवात त्यांचे विचार ऐकायला मी गेले होते. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला हा मान मिळतो आणि तो माझ्या गावात मिळतो, याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. त्याच आनंदात मला कडप्प्याच्या फळ्या आठवल्या. व्यासपीठावरचा मान मोठाच. पण त्या मानापर्यंत जाणारी वाट अंतरकरांसारख्या संपादकांनी, रूपांतरं करणाऱ्या लेखकांनी, खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांनी, काकांसारख्या वाचनालयवाल्यांनी आणि पेन्सिल हातात घेऊन वाचणाऱ्यांनी आधीच तुडवून ठेवली होती. राही बर्वे यांच्या 'तुंबाड' या २०१८ च्या चित्रपटामागं धारपांच्या 'आज्जी' या कथेची प्रेरणा आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण ते धारप एका पिढीकडून दुसरीकडं पोचवले कुणी? असल्याच वाचकांनी.

ही परंपरा ज्या कागदावर उभी आहे, तो कागद टिकाऊ नाही. मासिकं स्वस्त कागदावर छापली गेली. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन तसंच राहिलेला तो कागद उजेडानं आणि हवेनं पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, मग दुमडला की तुटतो. टाचण्या गंजतात, खळीपायी कसर लागते. पुस्तकं ग्रंथालयांत राहतात, पण मासिकांचे जुने अंक जागा अडवतात म्हणून रद्दीत जातात. 'नवल'चे किंवा 'धनंजय'चे सुरुवातीचे अंक सलग पाहायला मिळणं आज किती कठीण आहे, हे शोधायला निघालेल्या माणसालाच विचारावं.

म्हणून निवृत्तीनंतर मी एक काम हाती घेतलं. त्या खंडातलं पान न् पान, समासासकट, फोटो काढून संगणकावर उतरवलं. प्रत्येक कथेचं नाव, लेखक, रूपांतर असेल तर मूळ कुठलं, आणि पेन्सिलीची नोंद, अशी सूची तयार केली. अंक आणि साल जिथं पानावर छापलेलं आहे, तिथं तेही टिपलं. आता ही सूची एकट्या माझ्या खंडापुरती राहू नये असं मनापासून वाटतं.

तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, बंद पडलेल्या एखाद्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत असा एखादा बांधीव खंड असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीच्या तागडीत टाकण्याआधी उघडून पाहा. पहिल्या पानावर कुणी अनुक्रमणिका लिहिली आहे का, समासात काही खुणा आहेत का, ते बघा. असतील तर पानांचे फोटो काढा, आणि खंड जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात नेऊन त्यांना नोंद करायला सांगा. आणि घरात कुणी मूल भुताच्या गोष्टी मागत असेल, तर त्याला गोष्ट द्या आणि सोबत एक पेन्सिलही द्या.